नदी समोर ठेवून

२ मार्च, रविवार

निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी रोजनिशीची खोड जात नाही. पाटबंधारे खात्यात असताना दिवसाचं काम संध्याकाळी लिहावं लागे. आता विचारणारं कोणी नाही, पण आजपासून पुन्हा लिहिणार, कारण पुन्हा काम आलंय.

काम असं. मनालीच्या कचेरीला शहर बसच्या थांब्यांवर लावायचे नकाशे करायचे आहेत. मनाली माझी मुलगी, इंदिरानगरला सासरी असते, संगणकावर चित्रं काढते. सकाळी फोनवर म्हणाली, "पप्पा, तुम्ही तपासून द्याल का?" मी म्हटलं, वेळ मिळाला तर बघतो. फोन ठेवला आणि पोटमाळ्यावरून ड्रॉइंग बोर्ड खाली काढला. गुण्या, म्हणजे माझी ती त्रिकोणी पट्टी, धुऊन पुसून खिळ्याला अडकवली. चौतीस वर्षं आरेखक होतो. कालवे, चाऱ्या, मोऱ्या, सगळं या हातानं काढलंय.

आक्का दारात उभी राहून बघत होती. आक्काबाई ही माझी थोरली बहीण, वय एकाहत्तर. भाऊजी वारले तेव्हा चांदवडकडच्या गावात एकटी पडली, म्हणून गेल्या वर्षी तिला इथं आणलं. माझी बायको जाऊन तीन वर्षं झाली. घरात भांडायला कोणी नव्हतं, आता आहे. म्हणाली, "सहादू, पुन्यांदा नोकरी धरली का रं?" मी म्हटलं, तसंच समज.

५ मार्च, बुधवार

मनाली नकाशा घेऊन आली. मी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. गोदावरी फूटपट्टीनं आखलेली, एक निळा आडवा पट्टा. रामकुंडापाशी नदी वळते हे नाशिकच्या शेंबड्या पोराला माहीत आहे, हिच्या कागदावर वळत नाही. रस्ते सगळे सरळ, वळले तर पंचेचाळीस अंशांत. निमाणी स्टँड ते सीबीएस, म्हणजे मधलं मोठं बसस्थानक, जेवढं अंतर, तेवढंच सीबीएस ते मुंबई नाका.

"स्केल कुठंय?" मी विचारलं.

"स्केल नाहीये पप्पा. बसमध्ये बसलेल्या माणसाला किलोमीटर नको असतात. कुठं चढायचं, कुठं बदलायचं, कुठं उतरायचं, एवढंच."

"स्केल नसलेल्या कागदाला आमच्या खात्यात चित्र म्हणायचे."

"मग चित्र म्हणा," म्हणाली आणि आत आत्याकडे चहा प्यायला निघून गेली. दोघी आत हसत होत्या. मी लाल पेन्सिलीनं एकोणीस चुका काढून ठेवल्या. फार दिवसांनी दुपारी झोप आली नाही, बरं वाटलं.

१४ मार्च, शुक्रवार

पौर्णिमा. नेहमीप्रमाणे आक्काला त्रिरश्मी लेण्यांना नेलं. आमच्या दिंडोरी रोडवरून आधी निमाणी, तिथून सीबीएस, तिथं बस बदलून लेण्यांचा पायथा. माझी पद्धत ठरलेली आहे. मी पुढं, आक्का मागं. तिकीट मी काढतो, खिडकी तिला देतो, तिची पिशवी, पाण्याची बाटली, छत्री माझ्याकडे. ती वर विहारात बायकांमध्ये वंदनेला बसते, मी खाली झाडाखाली. दोन तास जातात. लोक म्हणतात कंटाळा येत असेल. येतो थोडा, पण महिन्यातून एकदा माणसानं कुठंतरी वाट बघत बसावं, त्याशिवाय पौर्णिमा पौर्णिमा वाटत नाही.

परतताना तिनं सांगितलं, समाधानचा फोन होता. समाधान तिचा मुलगा, पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये असतो. म्हणतो, वैशाख पौर्णिमा झाली की आई, तू इकडंच ये कायमची.

"तिथं दोन खोल्यांत पाच माणसं. इथं काय कमी आहे?" मी विचारलं.

"कमी काय नाय. पर तिथं म्या येकटी दुकानाला जाते."

दुकानाला तर मीही आणून देतो सगळं. मला वाटतं स्वयंपाकाची भानगड असावी. माझ्या हातचं तिखट होतं, हे बायकोही सांगायची. उद्यापासून मिरची निम्मी.

२३ मार्च, रविवार

आज गंमत झाली. मी बाजारातून आलो तर आक्का बोर्डसमोर स्टुलावर बसलेली, मनालीचा नकाशा पुढ्यात. तिला सही येते आणि आकडे येतात, अक्षरं नाहीत. मला म्हणाली, "ही गंगा ना?" नाशकात जन्म काढलेले लोकही गोदावरीला गंगाच म्हणतात. मी हो म्हटलं. आपलं घर कुठं, निमाणी कुठं, बस बदलायची तो मोठा ठिपका कुठला, सगळं विचारून घेतलं. चहा उकळेपर्यंत घरापासून लेण्यांपर्यंत बोट नेऊन दाखवलं. दोनदा. एकदा उलटंसुद्धा.

मी काढलेला नकाशा शेजारी होता, स्केलमध्ये, सगळ्या वळणांसकट. त्यावर तिचं बोट सीबीएसपाशीच हरवलं. हे मनालीला सांगायची गरज नाही.

मग बॉम्ब टाकला. "ह्यो कागुद आसंल तर म्या येकटी जाते लेण्यांला."

मी समजावलं की सीबीएसला गर्दी असते, बस दहा ठिकाणी लागतात, उन्हाचे दिवस आहेत, मी आहे ना.

"तूच हाय ना," ती म्हणाली. "तू म्होरं, म्या मागं. तुझी पाठ लय पाह्यली म्या, सहादू. नाशिक नाय पाह्यलं."

अलीकडे चिडचिड वाढलीय तिची. बीपी तपासून घेतलं पाहिजे.

२५ मार्च, मंगळवार

बीपी एकदम ठीक. डॉक्टर म्हणाले, तुमचंच थोडं वाढलंय.

५ एप्रिल, शनिवार

आजचा दिवस वाईट. सगळं लिहून ठेवतो.

निमाणीजवळच्या थांब्यावर पहिली नमुन्याची पाटी लागली. मनालीनं पाच जणांना परीक्षेला बोलावलं होतं. नियम एकच: कोणाला काही विचारायचं नाही, फक्त पाटी बघायची आणि लेण्यांच्या दिशेच्या बसमध्ये चढायचं. परीक्षा माणसांची नाही, पाटीची, असं मनाली म्हणाली. पाचांतली एक आक्का. मी नको म्हणत होतो. मनाली म्हणाली, आत्यासारखी माणसं चुकली नाहीत तरच पाटी चांगली.

आम्ही समोर चहाच्या टपरीवर बसलो. पाटीपुढे उभं राहिलं की तोंड दक्षिणेला, नदीच्या बाजूला होतं. शहराकडच्या बस उजव्या हाताला लागतात, आडगावकडच्या डाव्या. आक्का पाटीसमोर उभी राहिली. बोट फिरवलं, मान हलवली, पदर खोचला आणि तरातरा डावीकडे गेली. मी ओरडेपर्यंत ती आडगावच्या बसमध्ये चढली आणि बस हलली.

रिक्षानं पाठलाग केला. फोन लागेना. बाई आडगाव नाक्याच्या थांब्यावर बसून पेरू खात होती. म्हणाली, "नकाशात लेणी डाव्या हाताला हाय, म्हणून डाव्या हाताला आले. बस गंगेच्या खालच्या अंगाला चालली तवा म्हनलं, हे काय खरं नाय. म्हनून उतरले."

मी तिथंच सांगून टाकलं की झाली तेवढी हौस पुरे, आता एकटं कुठंही जायचं नाही. उरलेला पेरू पदरात बांधून ती रिक्षात बसली. रात्री अर्धीच भाकरी खाऊन उठली. मिरची निम्मीच होती.

पाचांपैकी तिघं डावीकडे गेले असं मनालीनं नंतर कळवलं. बाकी दोघं कॉलेजची पोरं होती.

६ एप्रिल, रविवार

सकाळी उठलो तर आक्का फरशीवर उकिडवी बसलेली, नकाशा खाली पसरलेला. मला बघून म्हणाली, "गंगा कुनीकडं?" मी हात केला, तिकडं, दक्षिणेला. तिनं कागद दोन्ही हातांनी धरला आणि फिरवायला लागली. फिरवत फिरवत निळा पट्टा गंगेच्या बाजूला आणला. सगळी अक्षरं उलटी झाली. तिला काय फरक पडतो, तिला अक्षरं येतच नाहीत.

"आता बघ. लेणी उजव्या हाताला. आता बरोबर हाय. तुमी लोकांनी पाटी उलटी टांगली रं."

मी खाली बसलो. गुडघे दुखतात तरी बसलो.

साल सत्त्याऐंशी. गिरणेच्या कालव्याचं मोजणीचं काम. माझे साहेब धोंडीराम भामरे. शेतात तिपाईवर फळी मांडून तिच्यावर जागेवरच नकाशा काढत असू. साहेबांचा नियम होता, आधी फळी जमिनीशी जुळवायची, कागदावरचा बांध खऱ्या बांधाच्या रेषेत आणायचा, मग पेन्सिल उचलायची. मी नवा होतो, घाईनं तसंच काढलं. साहेबांनी अर्ध्या दिवसाचं काम स्वतःच्या हातानं खोडलं आणि मला उपाशी ठेवून पुन्हा करायला लावलं. त्यानंतर हजार वेळा फळी लावली असेन. आणि निमाणीच्या पाटीच्या वेळी मीच मनालीला ठणकावून सांगितलं होतं की उत्तर वर हवी, नकाशाचा तो धर्म आहे.

आम्हा वाचणाऱ्यांना अक्षरं सुलटी हवीत, म्हणून आम्ही गाव उलटं टांगलं. आक्कानं गाव सुलटं ठेवलं. मला लाज वाटली आणि हसूही आलं. तिला म्हटलं, तू चुकली नाहीस, मी चुकलो. ती म्हणाली, "मला कालच म्हाईत व्हतं. तू वरडत व्हता म्हनून नाय बोलले."

१० एप्रिल, गुरुवार

मनालीला समजावलं. वाचणाऱ्याच्या समोर जे असेल ते कागदावर वर यायला हवं. पाटीचं तोंड फिरलं की नकाशाही फिरला पाहिजे. अक्षरं मात्र सुलटीच छापायची, संगणकाला ते जड नाही. पोरीनं कपाळावर हात मारला. "हे मला शिकवलं होतं पप्पा कॉलेजात. मी तुम्हाला घाबरून उत्तर वर ठेवली."

मला घाबरून. मला वाटायचं मला कोणीच घाबरत नाही.

सुरुवातीला अकरा पाट्या करायच्या ठरल्या. प्रत्येक थांब्यावर जाऊन होकायंत्रानं दिशा घ्यायची. म्हणजे माझं काम.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. काम बंद. आक्कानं निळ्या काठाची पांढरी साडी नेसली. मी सदरा घातला, तिनं कॉलर नीट करून दिली. परवाच्या पौर्णिमेला लेण्यांना जाऊन आलो ते लिहायचं राहिलं. नेहमीसारखंच. मी पुढं, ती मागं.

१९ एप्रिल, शनिवार

चार दिवसांत अकरा थांबे झाले. आक्का रोज बरोबर होती. टेप धरायला कोणीतरी लागतंच. काट्याचं लाल टोक कुठं गेलं ते ती आधी सांगायची, मग मी लिहायचो. म्हसरूळला तिला एक ओळखीची निघाली, फुलं विकणारी, तिच्याशी पाऊण तास बोलत बसली. मी तोवर उगाच दोनदा दिशा मोजली.

मखमलाबाद नाक्याला एका बाईनं आक्काला विचारलं, "मावशी, गंगापूरला कुठून जायचं?" आक्कानं कागद काढला, फिरवला, आणि सांगितलं. बरोबर सांगितलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी उगाच होकायंत्र पुसत राहिलो.

संध्याकाळी दोघांचे पाय दुखत होते. तिनं माझ्या तळपायाला तेल लावलं. असे दिवस खात्यात असताना येत.

२६ एप्रिल, शनिवार

मनाली रागावून गेली. कारण काही नाही. मी म्हटलं लेण्यांचा ठिपका सहा मिलिमीटर डावीकडे हवा. तिनं केला. मग म्हटलं मुंबई नाक्याचं अक्षर लहान आहे. तिनं मोठं केलं. मग नदीचा निळा रंग फार गडद वाटला. आज म्हटलं, सीबीएसची पाटी पुन्हा मोजावी, पावसाळ्यानंतर लावली तर काय बिघडतं?

ती म्हणाली, "पप्पा, तुम्हाला हा नकाशा व्हायला हवाय की नकोय?"

हा काय प्रश्न झाला? काम चोख व्हावं असं म्हणणं गुन्हा आहे का? आक्का आतून ऐकत होती. तिनं माझ्यापुढं पेरूच्या फोडी ठेवल्या आणि म्हणाली, "होऊ दे रं सहादू. मुक्कामाला पोचूं दे पोरीला." मग थोडं थांबून, "आन मलाबी."

फोडी खाल्ल्या. संध्याकाळी मनालीला फोन करून सांगितलं, माझ्याकडून मंजूर. सही करायला कधी येऊ?

९ मे, शुक्रवार

पाट्या लागल्या. निमाणीला बघायला गेलो. नदी वर, लेणी उजवीकडे. एक म्हातारा बाबा पाटीसमोर आला, टोपी मागं सारली, बघितलं, आणि उजवीकडे गेला. मी त्याच्यामागून जाऊन खात्री केली. बस बरोबर होती. मी त्या बाबाला विनाकारण नमस्कार केला, त्यानंही केला.

घरी आलो तर समाधानचा फोन. "मामा, बुधवारी येतो आईला न्यायला." मी म्हटलं ये. दुसरं काय म्हणणार?

१२ मे, सोमवार

वैशाख पौर्णिमा.

सकाळी आठ. आक्का तयार. मीही तयार होतो, छत्री घेऊन. ती म्हणाली, "तू कुठं चालला?" मी म्हटलं, थांब्यापर्यंत. म्हणाली, "थांबा मला ठाव हाय." पिशवी, बाटली, छत्री सगळं माझ्या हातातून काढून घेतलं. खिडकीतून बघितलं. कोपऱ्यावर तिनं मागं वळून पाहिलं नाही.

सव्वानऊ. निमाणी झालं असेल.

दहा. सीबीएस. आज गर्दी असणार. फोन करायचा नाही असं ठरलंय. ठरवलं तिनं.

अकरा. भाजी चिरली. बोट कापलं, किरकोळ.

एक. तिच्या जागी मी असतो तर आता विहारातून खाली आलो असतो. नाही, मी वर कधी गेलोच नाही. सात-आठ महिने दर पौर्णिमेला पायथ्याशी बसलो. वर काय आहे ते मला माहीत नाही.

साडेतीन. अजून नाही. शर्ट घालून बसलोय.

पावणेपाच. आली. दार उघडंच होतं. तोंड उन्हानं लाल, पायात धूळ, हातात डबा. डब्यात खीर. "तुझ्यासाठी मागून घेतली. बाईला म्हनलं, भाऊ घरी हाय."

मी विचारलं, एवढा उशीर? म्हणाली, दीडलाच निघाले होते, मग सीबीएसला चहा घेतला, म्हटलं आता आलोच आहोत तर पंचवटीत भाजीबाजार बघून घ्यावा. तिथं उतरले. कोथिंबीर घेतली. रामकुंडावर पाय धुतले. मग पाटी बघितली, घरची बस धरली. रस्त्यात काय काय दिसलं ते सांगत राहिली. कुठल्या वळणावर उसाच्या रसाची दुकानं आहेत, कुठल्या पुलावरून पाण्यात म्हशी दिसतात. इतकी वर्षं मी या शहरात आहे, म्हशी मला माहीत नव्हत्या.

खीर गोड होती. खूप आनंद झाला मला. एवढा का झाला ते सांगता येत नाही.

१४ मे, बुधवार

समाधान सकाळी पॅकहाउसच्या टेम्पोतून आला. आक्काची ट्रंक उचलायला आत गेला तर ट्रंक जागेवर, कुलूप घातलेली. तिच्या हातात एक कापडी पिशवी.

"एवढंच, आई?"

"आठ दिवसांला एवढं लय झालं," ती म्हणाली. "नातवंडं बघते आन येते. घ्यायला, सोडायला कोणी नको. पिंपळगावहून बस येते निमाणीला, म्होरलं मला ठाव हाय."

समाधान माझ्याकडे बघायला लागला. मी खांदे उडवले. मनातून मात्र बरं वाटलं. मिरची कमी केल्याचा उपयोग झाला असावा.

मी तिला म्हटलं, नकाशाचा कागद घेतलास ना? म्हणाली, "नको. पाठ झाला. तुलाच लागंल."

ती गेल्यावर बोर्डवरचा पसारा आवरायला बसलो. तिचा कागद तिथंच होता, घड्या पडून मऊ झालेला. माझ्याच पेन्सिलीनं तिनं ठिपक्यांशेजारी खुणा केल्यात. आडगाव नाक्याला पेरू. सीबीएसला कपबशी. लेण्यांपाशी चार पायऱ्या आणि वर एक पिंपळाचं पान. म्हसरूळला फूल.

आणि दिंडोरी रोडवर, आमच्या थांब्याच्या जागी, एक त्रिकोण. मधोमध त्रिकोणीच भोक. खिळ्याला लटकलेला माझा गुण्या. घर.

त्रिकोण चुकीच्या जागी आहे. थांबा खरा चार मिलिमीटर खाली आहे, शिवाय एक बाजू वाकडी आलीय. मी खोडरबर हातात घेतलं होतं. डबीत परत ठेवून दिलं आणि कागद भिंतीला लावला, गंगेची बाजू गंगेकडे करून.